फोडणीचा वास

अवरेकाळू सोलणं, हे आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम. अवरेकाळू म्हणजे वालासारखे दाणे. थंडीत बनशंकरीच्या बाजारात ढिगानं येतात. भिजवायचे, चिमटीत दाबायचे, की दाणा सालीतून उडतो.

"अहो, भांड्यात उडवा, माझ्या डोळ्यात नको," बायको म्हणाली.

"डोळे मोठे आहेत, भांडं लहान."

हसली. मग उठून फोडणी टाकली आणि तोंडाला पदर लावून मोरीकडे पळाली.

सगळे म्हणाले पित्त. मीपण तेच म्हणालो. आलं-लिंबू दिलं, जिऱ्याचं पाणी दिलं, मेडिकलवाल्याची गोळी दिली. स्वल्प बरं वाटायचं, परत तेच. चार घास खाल्ले की पोट भरलं म्हणायची. एकदा उलटीत आदल्या दिवशीचा भात निघाला, तसाच्या तसा. तेव्हा दवाखाना गाठला.

एंडोस्कोपी केली. म्हणजे तोंडातून कॅमेऱ्याची नळी पोटात घालतात. मी बाहेर बाकड्यावर. डॉक्टर येऊन म्हणाले, "अण्णा, मळमळ हा रोग नाही, खूण आहे. पित्तानं होते, कावीळ, किडनी, डोक्यातल्या दुखण्यानंही होते. यांना जठरात कॅन्सर आहे."

गॅस्ट्रिक आउटलेट ऑब्स्ट्रक्शन म्हणाले. म्हणजे जठरातून अन्न पुढे आतड्यात जायची वाटच बुजली. लिव्हरपर्यंतही पोचलं होतं. ऑपरेशनचा उपयोग नाही म्हणाले. वाटेत जाळीची नळी बसवली, तिला स्टेंट म्हणतात. थोडे दिवस पेज पोटात राहिली. मग तीही वाट बंद. ओन्डान्सेट्रॉन हे मळमळीवरचं औषध. सुई टोचली की जरा शांत पडायची. बुजलेली वाट काही त्यानं उघडत नाही.

घरी आणली. एक घास पोटात राहावा, एवढंच तिला हवं होतं. तेवढंही झालं नाही.

फोडणीचा वास तर अजिबात सोसेना. खालच्या मजल्यावर शारदा अक्का राहतात. सकाळी त्यांची कढई तापली की मी उठून खिडकी लावायचो. एकदा अक्का वर येऊन म्हणाल्या, "अण्णा, मी आता फोडणीच घालत नाही."

बायको आतून ओरडली, "घाल गं बाई! नवऱ्याला कशाला उपाशी मारतेस? आम्हाला खिडकी आहे."

वाचणाऱ्यांना सांगतो. आदल्या दिवसाचं जेवण उलटीत आलं, वजन उतरलं, शी काळी झाली, तर पित्त म्हणत घरी बसू नका. आधी आणली असती तर वाचली असती का, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते रिपोर्ट चाळत राहिले. देवाची मर्जी वगैरे मला कुणी सांगू नका.

संध्याकाळी गेली. शेवटचं चमचाभर पाणी तेवढं पोटात राहिलं. परत यायला वेळच नव्हता.

सुतकात आमच्याकडे चूल पेटत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का माझ्यासाठी सार करत होत्या. फोडणीचा वास वर आला.

मी उठलो आणि खिडकी लावली.