जुईनगरच्या गेटवरचा नाताळचा तारा

आम्ही नगर सोडलं त्या सकाळी टेम्पोभोवती सगळी मंडळी जमली होती. पाळकांनी प्रार्थना केली, कुणीतरी भजनासाठी बाजाची पेटी काढली, आणि "उशीर होतोय" म्हणणाऱ्या ड्रायव्हरच्या हातातही चहा-खारी आली. वडील म्हणाले, "तिथं आधी शेजारी जोडा, मग मंदिर शोधा." आम्ही नगरचे ख्रिस्ती चर्चला मंदिरच म्हणतो. माझी बदली बेलापूरच्या सरकारी कचेरीत झाली होती. त्याच सुमारास धाकटा भाऊ सुधाकर अमेरिकेला गेला. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. सुधाकर, हे तुझ्यासाठी आणि तिकडच्या तुझ्या चर्चच्या मंडळीसाठी लिहितोय.

जुईनगरची आमची सोसायटी नवी कोरी होती आणि ख्रिस्ती घर आमचं एकटंच. नगरला नाताळात गल्लीभर तारे लागायचे. इथे माझ्या बायकोने, सुलोचनाने, कामट्या आणि पतंगाचा कागद आणून तारा केला, आणि मी तो कपाटावर ठेवून दिला. नव्या जागेत उगाच लोकांच्या नजरेत कशाला यायचं? त्याच आठवड्यात तुझा फोन आला. "दादा, तारा लावलास ना?" मोठा भाऊ भ्यालाय हे तुला कसं सांगणार? म्हणालो, "सोसायटीचे सेक्रेटरी नको म्हणाले." खरं तर मी कुणाला विचारलंच नव्हतं.

तुमच्या गावात तेव्हा टाउन हॉलसमोर येशूजन्माचा, गव्हाणीचा देखावा ठेवावा की नाही, यावरून वाद पेटला होता. सरकारी जागेत धर्म नको म्हणणारे एकीकडे, आमचा विश्वास पुसायला निघालेत म्हणणारे दुसरीकडे. तू सभेत उभा राहिलास आणि सांगितलंस, माझ्या भावाला तिकडे साधा तारा लावू देत नाहीत, उद्या इथेही तेच होणार. पुढच्या फोनवर हे सांगून तू म्हणालास, "दादा, तुझ्यासाठी इथे सगळे प्रार्थना करतात." मी नुसतं "बरं" म्हणालो.

आणि इकडे काय झालं होतं? नाताळच्या आदल्या संध्याकाळी सेक्रेटरी म्हात्रे दारात उभे. मूळचे शेजारच्या शिरवणे गावचे, आवाज खणखणीत.

"सायब, उद्या तुमचा सन हाय ना? मंग गेटवर अंधार का? दिवालीच्या कंदिलाची वायर मी काढूच नाय दिली. तुमच्यासाठी ठेवलीय."

मी पुटपुटलो, "लोक काय म्हणतील?"

"लोकं इचारतान, करंज्या कवा येतील?"

कपाटावर ताऱ्याचं एक टोक फाटलं होतं. म्हात्रेवहिनींनी खळ करून ते चिकटवलं. तारा लागला. मग सुलोचनाने पेटी घेतली, म्हात्र्यांनी ढोलकी, आणि आमच्या नगरी भजनाला असा ठेका मिळाला की खालच्या मजल्यावरची पोरं जिन्यातच नाचायला लागली. तेव्हापासून दर नाताळला हेच.

दोन-तीन वर्षांनी तू आलास. गेटवरचा तारा बघून तुझे डोळे भरले. "प्रभूने ऐकलं दादा. दिली शेवटी परवानगी." मी "हे आमचे सेक्रेटरी" म्हणतोय तोवर म्हात्रे हात पुढे करून आले. "सलाम, अमेरिकावाले." आम्ही ख्रिस्ती एकमेकांना भेटलो की सलाम म्हणतो, ते त्यांनी मुद्दाम शिकून घेतलं होतं. तू मान वळवून पुढे निघून गेलास. नंतर त्यांनी मला विचारलं, "भाऊ रागावलाय का आमच्यावर?"

"प्रवासाचा शीण," मी म्हणालो. फोनवरच्या थापेपेक्षा मला या उत्तराची जास्त लाज वाटते.

तुमच्याकडे असा वाद निघाला की सभेतली तुझी ती साक्ष अजून सांगतात, असं तू परवा म्हणालास. म्हणून काल मी म्हात्र्यांकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं. ते आता ऐंशीला टेकलेत. त्यांनी एवढंच विचारलं,

"तिकडं माजं नाव सांगितलंव काय?"

"नाही. नुसतं सेक्रेटरी म्हणालो होतो."

"मंग आता नाव सांगा," म्हणाले, आणि हसत सुटले. "आनि सांगा, मानूस ढोलकी पन वाजवतो."

तर सुधाकर, तुझ्या मंडळीत उभा राहा आणि वाचून दाखव. तारा कुणी अडवला नव्हता, माझ्या भीतीने अडवला होता. तो लावायला लावणाऱ्या माणसाचं नाव बाळाराम म्हात्रे. तिथल्या वादात तू कुठल्या बाजूने बोलायचं ते तुझं तू ठरव, पण त्यात या माणसाला ओढू नका. घर कुठलं असं कुणी विचारलं की इतकी वर्षं मी नगर सांगत आलो. काल म्हात्र्यांच्या दारातून बाहेर पडलो तेव्हा वॉचमनने विचारलं, "काका, कुठे निघालात?" मी म्हणालो, "घरी." आणि आमच्याच जिन्याकडे वळलो.