मागणी क्रमांक तीन मान्य झाली तेव्हा

तुमच्या तत्त्वांची झळ आजवर कोणाला बसली आहे, तुम्हाला की तुमच्या घरच्यांना? उत्तराची घाई करू नका. मीही पूर्वी फार घाईने उत्तर द्यायचे. माझ्या तत्त्वांपायी आजवर एकच व्यक्ती मैदानाबाहेर बसली आहे, आणि ती माझी सख्खी धाकटी बहीण आहे.

मी पत्रकांवर वाढले. ही अतिशयोक्ती नाही. बाबा ठाण्याच्या एका कारखान्यात कामगार संघटनेचे चिटणीस होते. नोकरीसाठी मस्कतला आले तेव्हा बॅगेत लोणच्याच्या बरणीखाली जुन्या पत्रकांचा गठ्ठाही आला. (बरणी फुटली. ‘बोनस’ हा शब्द मला अजून मोहरीच्या वासासकट आठवतो.) मी मराठी वाचायला शिकले ती त्याच गठ्ठ्यावर. माझ्या वयाच्या मुली ‘कमळ बघ’ वाचत होत्या तेव्हा मी ‘व्यवस्थापनाचा कुटिल डाव हाणून पाडा’ हे एका दमात वाचत होते.

बाबा मात्र इथे येऊन पार निवळले. आठवडाभर ते सोहारच्या औद्योगिक वसाहतीत काम करतात, गुरुवारी संध्याकाळी वादी कबीरच्या आमच्या फ्लॅटवर येतात आणि दोन दिवस कोणाशीही न भांडता झोपतात. साहजिकच घराण्याचा अंगार पुढे नेण्याची जबाबदारी माझ्यावर आली. मी तेवीस वर्षांची आहे, अझैबामधल्या एका ट्रॅव्हल ऑफिसात तिकिटं काढते, आणि तिथे अंगाराला फारसा वाव नाही.

धाकटी रेवती एकोणीस वर्षांची. ती कॉलेजच्या मुलींच्या फुटबॉल संघात गोलकीपर आहे. (होती. आहे. ते पुढे कळेल.) गेल्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उपांत्य सामन्याच्या शेवटच्या मिनिटाला साधा सरपटत आलेला बॉल तिच्या हातांखालून गेला. घरी येऊन तिने कपाटाच्या दाराला आतून त्या गोलाचा फोटो चिकटवला, आणि वर्षभर रोज त्या फोटोकडे बघत केस विंचरले. यंदा पुन्हा त्याच गोलात उभं राहायचं आणि तो बॉल अडवायचा, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं.

अशात संघाचे जुने प्रशिक्षक डिसिल्वा सर गुडघ्यांचं ऑपरेशन करून घ्यायला गोव्याला गेले आणि परत आले नाहीत. फार प्रेमळ माणूस. पहिल्याच दिवशी त्यांनी मुली रांगेत उभ्या केल्या, सगळ्यांत उंच होती म्हणून रेवतीला गोलात पाठवलं, आणि नंतर त्या विषयावर पुन्हा विचार केला नाही. त्यांच्या जागी कॉलेजने नोटीस लावली: नव्या मुख्य प्रशिक्षक, शबाना इब्राहिम. यापूर्वीचा अनुभव: शाळेत हँडबॉल शिकवणे.

हँडबॉल म्हटल्यावर मैदानाच्या जाळीबाहेर भडका उडाला. जाळीबाहेर म्हणजे आमचा समर्थक मंच: दर शुक्रवारी घडीच्या खुर्च्या आणि थर्मास घेऊन बसणारे आठ-दहा पालक आणि मी. एकाचं म्हणणं पडलं की बाई केरळातल्या कोळिकोडच्या असणार. मी छातीठोकपणे सांगितलं की त्या इजिप्तच्या आहेत, कारण नाव तसं वाटतं आणि कॉलेजला बाहेरून माणसं आणायची खोडच आहे. (पासपोर्टवर आडनावाच्या जागी वडिलांचं नाव असलेली निम्मी वस्ती माझ्याभोवती राहते. पण संतापात असं काही आठवत नाही.) मी म्हटलं, पायाने खेळायचा खेळ हाताने खेळणारी बाई काय शिकवणार? नव्या बाईंच्या बाजूने एकटे कुरियन अंकल होते. त्यांची मुलगी अनू संघातली दुसरी गोलकीपर. तीन वर्षं ती बाकावर बसून संत्री सोलत होती.

“बेटा, गोलकीपर तो हाथ से ही खेलता है,” अंकल शांतपणे म्हणाले.

मी त्यांच्याकडे दयेने पाहिलं. स्वतःच्या मुलीचं हित बघून मत बनवणाऱ्या माणसाशी काय वाद घालायचा? माझं तसं नव्हतं. माझी बहीण मैदानात होती हा निव्वळ योगायोग होता. माझा मुद्दा तत्त्वाचा होता: खेळाडूंना न विचारता प्रशिक्षक नेमलाच कसा?

घरी येऊन मी पत्रक लिहायला बसले. मराठीत. रेवतीने विचारलं, संघातल्या बाकीच्या मुलींना मराठी कुठे येतं? मी तिला मातृभाषेतून विचार करण्याचं महत्त्व सांगितलं. ते ती हेडफोन लावून ऐकत होती. बाबांना कळलं तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला. इथे परवानगीशिवाय कागद वाटायचे नसतात, आपण परक्या देशात आहोत, मी व्हिसावर आहे, तू व्हिसावर आहेस, असं बरंच काही ते बोलले. बोलता बोलता त्यांनी मसुदा हातात घेतला. मग खिशातून पेन काढलं. मग चष्मा लावला.

“मागण्यांना क्रमांक घाल,” ते म्हणाले. “आणि नेहमी एक मागणी अशी ठेवायची, जी व्यवस्थापनाला सहज मान्य करता येईल. त्याशिवाय ते चर्चेला बसत नाहीत.”

माझ्या मागण्या दोनच होत्या. एक, ही नेमणूक रद्द करा. दोन, डिसिल्वा सरांना सन्मानाने परत आणा. बाबांनी खाली स्वच्छ अक्षरात तिसरी लिहिली: संघातील प्रत्येक जागा वशिल्याने नव्हे, तर खुल्या चाचणीने भरावी, व ही चाचणी दर महिन्यास घ्यावी. मग पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले की हे पत्रक घराबाहेर जाता कामा नये.

ते झोपताच मी तिन्ही मागण्यांसकट प्रती काढल्या. पन्नास. त्यातल्या चार मी इमारतीतल्या दोन मराठी घरांत दिल्या. एका काकूंनी विचारलं, गणपतीचं आमंत्रण का गं, एवढ्या लवकर? उरलेल्या प्रती मी बाबांच्या धाकाने स्वयंपाकघरातल्या खणात ठेवल्या. हीच माझी घोडचूक. एका बाजूने कोरा असलेला कागद माझ्या आईने उभ्या आयुष्यात वाया जाऊ दिलेला नाही.

पुढच्या शुक्रवारी नव्या बाईंचा पहिला सराव होता. आईने संघासाठी बटाटेवडे केले. (प्रशिक्षक पटो न पटो, पोरी उपाशी राहता कामा नयेत, हे तिचं तत्त्व. आमच्या घरात तत्त्वं दोन्ही बाजूंनी आहेत.) वडे दोन-दोन करून कागदात बांधले, कोरी बाजू आत, छापील बाजू बाहेर. सराव संपल्यावर ती स्वतः जाळीच्या आत गेली आणि एकेकीच्या हातात पुडी देत सुटली. मी बाहेरून पाहिलं ते असं: पंधरा मुली गवतावर बसून माझं पत्रक हातात धरून आहेत आणि रेवती सोडली तर एकीलाही त्याचं अक्षर कळत नाही. क्षणभर मला वाटलं, संकट टळलं. मग नजर बाईंकडे गेली. त्यांनी वडा संपवला होता, बोटं पुसली होती, आणि त्या कागद हातभर लांब धरून वाचत होत्या. डावीकडून उजवीकडे. ओळीने. मध्ये एकदा तेलाचा डाग आला तर त्यांनी कागद उन्हाकडे धरला.

इजिप्तमधल्या शाळांतून मराठी शिकवत असतील, अशी एक वेडी आशा मी दोन मिनिटं बाळगली.

बाई उठून जाळीपाशी आल्या. “हे कोणी लिहिलंय?” त्यांनी सरळ रत्नागिरीकडच्या मराठीत विचारलं. जाळीपाशी ते समजणारी तीनच माणसं होती: आई, बाबा आणि मी. त्यांतल्या दोघांनी तिसरीकडे पाहिलं. आईने तर बोटही दाखवलं.

“वडा बरा झालाय हो, वहिनी,” बाई आईला म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. “आणि बाय, वाचायलाही बरा होता. दुसरी पुडी सोडली, पण मजकूर तोच निघाला.”

मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. त्यांनी कागदावर बोट ठेवलं.

“पहिली मागणी माझ्या हातात नाही, ती ऑफिसात दे. दुसरी डिसिल्वा सरांच्या गुडघ्यांना विचार. तिसरी मला पटली. खुली चाचणी. पुढच्या शुक्रवारी घेते, गोलकीपरपासून.”

परतताना गाडीत पहिली पाच मिनिटं बाबा विलक्षण खूश होते. पंधरा वर्षं संघटनेत काढली, पण आठवड्याच्या आत मागणी मान्य झाल्याचं त्यांनी पाहिलं नव्हतं. मग आरशात त्यांना मागच्या सीटवरची रेवती दिसली, आणि बाबा एकदम रहदारीकडे लक्ष देऊ लागले.

मी घरी पोचताच मागणी मागे घेतल्याचं पत्र लिहिलं. रविवारी ऑफिसातून लवकर निघून बाईंना जाऊन दिलं. त्यांनी ते न उघडता परत केलं. एकदा मान्य झालेली मागणी मागणाऱ्याची राहत नाही, ती सगळ्यांची होते, असं त्या म्हणाल्या. बाबांच्या गठ्ठ्यातही इतकं चांगलं वाक्य नव्हतं. मला ते लगेच लिहून घ्यावंसं वाटलं, यावरून माझी अवस्था ओळखा.

रेवतीला पत्राचं कळलं तेव्हा ती शुक्रवारनंतर प्रथमच माझ्याशी बोलली.

“ताई, तू माझ्यासाठी चिठ्ठी नेलीस? आता चाचणी कॅन्सल झाली असती ना, तरी मी खेळले नसते,” ती म्हणाली. “मी गोलात कशी आले, तुला माहितीये? उंच होते म्हणून. मला पण बघायचंय मला येतं की नाही. चल, शूज घाल.”

त्यानंतर रोज संध्याकाळी इमारतीमागच्या वाळूच्या पार्किंगमध्ये मी किक मारत होते आणि ती अडवत होती. मी आयुष्यात फुटबॉलला लाथ मारलेली नव्हती. केवळ त्यावर मतं दिली होती. पहिल्या दिवशी माझी चप्पल बॉलच्या पुढे गेली. दुसऱ्या दिवशी बॉल आमच्या नातूरच्या, म्हणजे इमारतीच्या रखवालदाराच्या, चहात पडला. त्याने “खलास” म्हणून उरलेला चहा ओतून दिला आणि खुर्ची उचलून इमारतीच्या पुढच्या बाजूला नेली. रेवती मात्र ढोपरं खरवडून घेत प्रत्येक बॉलवर झेप टाकत होती, कारण तो कुठे जाईल हे मलाही माहीत नसायचं. गुरुवारपर्यंत सरपटता बॉल तिच्या हातून एकदाही सुटला नाही. माझ्या डाव्या पायाचा अंगठा तोवर काळानिळा झाला होता. पण मला मनातून पटलं होतं: ही पोरगी आता हरत नाही.

शुक्रवारी दोघींना दहा-दहा किक मिळणार होत्या. अनू आधी. तिने सात अडवल्या. तीन वर्षं संत्री सोलून माणसाचे हात इतके तयार होतात याची कोणाला कल्पना नव्हती. कुरियन अंकलांनी टाळ्याही वाजवल्या नाहीत, नुसते खुर्ची घट्ट धरून बसले होते. मग रेवती. पहिल्या नऊमधल्या सात तिने अडवल्या, त्यांत दोन सरपटते. शेवटची किक. अडवली की जागा तिची. मारणारी मुलगी धावत सुटली, आणि तिचा पाय कुठे वळतोय हे मला जाळीबाहेरून लख्ख दिसलं. आठवडाभराच्या अनुभवाने मी आता तज्ज्ञ होते.

मी बेंबीच्या देठापासून ओरडले, “उजवीकडे!”

रेवतीने उजवीकडे झेप टाकली. इतकी सुंदर झेप तिने आजवर टाकलेली नाही. बॉल माझ्या उजवीकडे गेला. मी तिच्यासमोर, तिच्याकडे तोंड करून उभी होते.

सात-सात. आता बाई काय ठरवतात? त्या बोलायच्या आत कुरियन अंकल उठले आणि म्हणाले, बाहेरून आवाज झाला, बच्ची को एक और मिलना चाहिए. ज्या माणसाला मी स्वार्थी ठरवलं होतं, त्याने हे म्हटलं. माझे डोळे भरून आले. मी जोरजोरात मान हलवून अनुमोदन दिलं.

“नको,” रेवती गवतावरून उठत म्हणाली. “मी बॉल बघायचा होता. ताईचं ऐकायला नको होतं.”

बाईंनी मान डोलावली आणि वहीत लिहिलं: बरोबरी असली तरी अनूने एकदाही चुकीच्या बाजूला झेप घेतली नाही, म्हणून हा महिना अनू गोलात, रेवती बाकावर. पुढच्या महिन्यात पुन्हा चाचणी, मागणीनुसार. स्पर्धा त्या चाचणीनंतर आहे.

रेवती रोज पार्किंगमध्ये असते. आता किक बाबा मारतात, गुरुवार-शुक्रवार. बाकीचे दिवस ती बॉल भिंतीवर मारून स्वतःच अडवते. मला फक्त बॉल आणून द्यायची परवानगी आहे, तीही न बोलता. काल तिने एकामागोमाग चाळीस अडवले आणि एकविसाव्यानंतर हसलीही, पण माझ्याकडे बघून नाही.

तर एक कळकळीची विनंती आहे. चाचणी येत्या शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता आहे. तुम्ही मस्कतमध्ये असाल तर या. अनूसाठी टाळ्या वाजवा, रेवतीसाठी जरा जास्त वाजवा, पण ते नाही जमलं तरी चालेल. फक्त शेवटची किक मारायला मुलगी धावू लागली, की जाळीपाशी डाव्या पायाने लंगडत उभ्या असलेल्या मुलीला शोधा, आणि तिचं तोंड दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरा. मी चावणार नाही, असं आईला लेखी दिलं आहे.