इमान उतरल्यावर

इमान वरून गेलं की आवाज मागून येतो. रिकाम्या रांजणात वारं शिरल्यावानी घुमतो, आन् मान वर करावी तवर आभाळात पांढरी रेघच तेवढी ऱ्हाती. सारिका गेली तवापास्नं तो आवाज आला की मी हातातलं काम ठिवून आंगणात येते.

सारिका माझी नात. लंडनच्या दवाखान्यात नर्स म्हनून गेली. मुंबईपास्नं सात हजार किलोमीटर, म्हनं, आन् इमान नऊ-धा तासांत पोचतंय. एवढं लांब, एवढ्या लवकर! आमची मेंढरं तेवढ्या वख्तात वडवणीचं शिवारबी वलांडत नव्हती.

आमच्यात रीत हाय. घरचं मानूस लांबच्या वाटंला लागलं की पोचल्याचा निरोप येईस्तवर घर झाडायचं न्हाई. मढं उचलल्यावर मागं झाडत्यात. जित्याच्या मागं कशापायी झाडावं? म्हनून सारिका मुंबईच्या गाडीत बसली तवाच मी केरसुणी कोपऱ्यात उभी केली. चुलीम्होरं राख, दारात लसणाची टरफलं, घरभर कोंबड्यांची पिसं. सारिकाची आई मंदा, माझी सून, बघून बघून कावली.

इमान उडालं त्या दिशी दुपार कलल्यावर ती मोबाइल घिऊन पळत आली. "आत्या, मोबाइलवर दावलंय, इमान उतरलं! आता तरी झाडू का?"

"इमान उतरलं गं. पोरगी कुटं पोचली?"

"घराचा उकिरडा झालाय. शेजारीन इचारती, लंडनला जायला इमान लागतंय का तुमच्या सासूची केरसुणी?"

"तिला म्हनावं, दोनीबी लागत्यात."

मंदा हसली, पर तिचे डोळे मोबाइलवरच. सारिकाचा फोन लागत नव्हता.

लई वर्सं झाली. मालक मेंढरं घिऊन गोदावरीकडं गेल्ते. वडवणीच्या बाजारात येकानं सासूला सांगितलं, तुमची मेंढरं नदीला लागली. सासूनं हरकून घर झाडलं. मेंढरं पोचल्ती खरी, पर हाकणारा दुसराच व्हता. मालक वाटंतच ऱ्हायल्ते, सापानं डसून. झाडल्यानं कुनी मरत न्हाई, मला कळतंय. सासूला मी कवाच बोल लावला न्हाई, तिनंबी तो इशय काढला न्हाई. दोघींनी मिळून लेकरं वाढवली, किती उन्हाळे काढले! पर कळप पोचला म्हंजी मानूस पोचलं, हे मी त्या दिसापास्नं मानत न्हाई. आन् इमान तरी काय, मानसांचा कळपच की!

दिवा लावला. मंदा उंबऱ्यावर बसून ऱ्हायली. मग फोन वाजला.

"आजे, खोलीवर आले बघ. च्या ठिवलाय."

"च्या ठिवला? सोताच्या हातानं?"

"व्हय गं... थांब, थांब, उतू चाललाय!"

फोनातून भांडं आदळल्याचा आवाज आला, आन् मला वाटलं, आता पोचली. तिथं चूल पेटली.

दिवेलागणीला झाडत न्हाईत, म्हनून सकाळी झाडलं. केरात सारिकाचा लांब केस निघाला. मंदानं तो उचलून बोटाला गुंडाळला, आन् मी बघितलं न्हाई आसं दावलं.

तेवढ्यात वरून इमान गेलं. आता त्यात आमचं कुनी न्हाई, तरी मी आंगणात आले. रेघ विरस्तवर बघत ऱ्हायले. त्यातल्या कुनाच्या तरी घरी आज केरसुणी उभी आसंल.