भालचंद्रभाऊंची मुकादमीण

निर्मळला भालचंद्रभाऊंची मोगऱ्याची आणि केळीची वाडी आहे. त्यांची मांजर बांधावर बसून फुलं खुडणाऱ्या बायकांवर नजर ठेवी. कामात तिचा हातभार शून्य, म्हणूनच भाऊंनी तिचं नाव ठेवलं मुकादमीण.

गेल्या वर्षी तिला अ‍ॅलर्जी झाली. खाजवून खाजवून मान रक्ताळली. बोळिंजच्या गुरांच्या डॉक्टर ब्रेंडांनी रोज द्यायचं औषध दिलं आणि बजावलं, "काका, खाज थांबेल, पण या औषधाने शरीराची राखण ढिली पडते. साधा जंतूही भारी पडेल. घराबाहेर सोडायची नाही. उंदीर नाही, कच्चं मांस नाही."

"घरात दोघी आहेत. माझं कोणीच ऐकत नाही," भाऊ म्हणाले.

"एकीला तरी ऐकवा," त्यांच्या पत्नी मथुरावहिनी म्हणाल्या.

महिन्याभरात खाज गेली, मानेवर केस आले. आणि इथे भाऊंच्यातला बागाईतदार जागा झाला. सावलीतलं रोप तगलं की ते रोज थोडं थोडं उन्हात सरकवायचं, नाहीतर लेचंपेचं राहतं. चाळीस वर्षं त्यांनी रोपं अशीच वाढवली होती.

"अहो, डॉक्टरीणबाई आतच ठेवा म्हणाल्या होत्या ना?"

"रोज अर्धाच तास वाडीत सोडतो गं. सवय होऊ दे."

औषध चालूच होतं. मांजर रोपासारखी उन्हाने कणखर होत नाही, हे भाऊंना कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं, तर त्यांनी सांगणाऱ्यालाच वाफा करायला बसवलं असतं.

चौथ्या दिवशी तिने उंदीर मारून खाल्ला. भाऊंनी मला कुंपणावरून हाक मारली, "बघ रे, ड्यूटीवर रुजू झाली." मी हसलो. शेजारी असून मीही काही बोललो नाही.

तीन आठवड्यांनी तिने खाणं सोडलं. ताप आला, मग धाप लागली.

"उंदीर खाल्ला होता का?" डॉक्टरांनी विचारलं. भाऊ नाही म्हणाले असते, तर डॉक्टरांना कळलं नसतं.

"खाल्ला. मीच सोडली होती. शाबासकीही दिली."

उंदरातून आलेला परजीवी फुप्फुसात पसरला होता. डॉक्टरांनी खाजेचं औषध बंद केलं, दुसरं सुरू केलं, पण उशीर झाला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी भाऊंच्या मांडीवरच तिचा श्वास थांबला. भाऊ तरी तिची पाठ चोळत राहिले. वहिनींनी हात धरला तेव्हा म्हणाले, "थांब जरा. अजून गरम आहे."