चार दिवसांत सैल होतील, म्हणालो होतो

मंडळी, आज माझ्या शहाणपणामुळं बायको पन्हाळ्याची अर्धी वाट अनवाणी उतरली. सांगायला लाज वाटते, पण सांगतो.

गेल्या आठवड्यात सुजाताला बूट घ्यायला गेलतो. ऑफिसला चालावेत आणि गडावरही, म्हणून घोट्याच्या खाली राहणारे, जाड सोलचे ट्रेकिंगचे बूट काढायला लावले. सहा नंबर घातल्यावर दुकानदारानं तिला विचारलं, "ताई, बोटं पुढं टेकत्यात काय? उतरताना जागा लागती."

ती काय म्हणाली मला आठवत नाही, कारण मी बोलत होतो. "पावणं, कोल्हापूरच्या माणसाला पायताण शिकवताय व्हय? नवं हाय तवर चावतंयच. चार दिवसांत सैल हुतंय."

चामड्याची चप्पल सैल होते हो. या बुटाला पुढं कडक रबर असतं, ते कशाला सैल होतंय?

आज पन्हाळा चढताना कसंबसं निभावलं. उतरताना पावलागणिक बोटं आपटायला लागली. शेवटी एका दगडावर बसून बूट काढले, तर दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी.

"अगं, आधी सांगायचं न्हाईस व्हय?"

"सांगितलं हुतं की. दुकानात. सात नंबर द्या म्हटलेलं. तुम्ही हसत हुता."

आता ती गार पाण्यात पाय सोडून बसलीय. मला तेव्हा खरंच ऐकू आलं नव्हतं, आणि तेच जास्त लागलंय.

तुमच्या घरात कोण सात म्हणालं होतं आणि तुम्ही सहा घेऊन आलात? आज विचारून बघा.