कॅनडाहून हुरड्याला

आमच्या घरात कुठलीही किंमत एकदा सांगून भागत नाही. मेथीची जुडी दोन दिरहाम, म्हणजे जवळजवळ पन्नास रुपये, असं मी दुकानात मोठ्याने म्हणते आणि जुडी परत ठेवते. पाच मिनिटांनी तीच उचलते. अमिरातीत, अल ऐनला येऊन इतकी वर्षं झाली तरी ही खोड गेलेली नाही, आणि माझं तर पोटच हिशोबावर आहे. एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत मी अकाउंट्स बघते. माझे धाकटे दीर कॅनडात असतात, त्यांचा फोन आला की तिसरं चलन सुरू होतं. घर गरम ठेवायला इतके डॉलर, हिवाळ्याचे वेगळे टायर इतके डॉलर. मग दोघे भाऊ मिळून त्याचे रुपये काढणार, आणि तो आकडा ऐकून माझे सासरे हळहळणार, असा आमचा दर रविवारचा कार्यक्रम असे.

सासरे मूळचे बार्शीकडचे, पोस्टातून निवृत्त झालेले. सासूबाई गेल्यापासून हिवाळा ते आमच्याकडे काढतात. नवरात्राच्या आधी येतात आणि ऊन तापायला लागलं की परत जातात. रविवारचा व्हिडिओ फोन संपला की ते बंद पडद्याकडे, तिथे अजून बर्फ दिसत असल्यासारखे, बघत बसायचे आणि म्हणायचे, "एकदा दोघं माझ्यासमोर एका पंगतीला बसा. मला दुसरं काही नको." भाजीत मीठ कमी आहे हे सांगावं तितक्या साधेपणाने म्हणायचे. पण ते काही जमत नव्हतं. पाच-सहा वर्षांत दीर आले नव्हते. कारण दरवेळी आकड्यात असायचं: चार माणसांची तिकिटं. "एवढ्यात आमचा अख्खा हिवाळा निघतो, वहिनी." मी मनातल्या मनात हिशोब तपासायचे. तो बरोबर निघायचा, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

घटस्थापनेच्या सकाळी बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, घटाभोवती पेरायला ज्वारी मागितली. भाकरीसाठी मी शारजाच्या रोल्ला बाजारातून अख्खी ज्वारी आणते आणि इथे दळून घेते. डबाच पुढे केला. त्यांनी लागेल त्यापेक्षा बरीच जास्त घेतली. थोड्या वेळाने बघते तर बाबा अंगणाच्या कोपऱ्यात उकिडवे बसून वाळूत ओळी पाडतायत आणि दाणे टाकतायत. नळ चालू, पाणी वाहतंय.

माझा पारा चढला. "बाबा, इथे पाण्याचं बिल येतं! आणि ही ज्वारी मी रोल्ल्याहून गाडीत घालून आणलीय."

त्यांनी ज्या ओळी पेरून झाल्या होत्या त्यांवर माती सारली, नळ बंद केला आणि उरलेली मूठ मुकाट्याने सदऱ्याच्या खिशात घातली. माझी मुलगी दारातून म्हणाली, "आजोबा, दॅट्स बर्ड फूड!" इथे दुकानात पक्ष्यांच्या खाण्याच्या पाकिटात ज्वारी असते, त्यामुळे तिचं काही चुकलं नव्हतं.

चार-पाच दिवसांत कोंब वर आले. खरं सांगते, ते हिरवे कोंब बघून माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला. मीच नर्सरीतून खताची गोणी आणली, मीच पाण्याला थेंबथेंब पडणारी नळी लावली. दसरा झाल्यावर बाबांनी खिशातली मूठही पेरली, मागे बोरीच्या झाडाखाली, मला न विचारता. तिथे ऊन कमी. ती ओळ उगवली ती अशी किरटी की तिला कोणी पिकात धरलंच नाही.

ज्वारी कमरेएवढी झाली तेव्हा मी फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "अल ऐनचा हुरडा. सर्वांना आग्रहाचं निमंत्रण." सगळे हसले. दीर म्हणाले, "वाळवंटात हुरडा? तो आला तर मी येतो, वहिनी. शब्द." तो निरोप मी जपून ठेवला. बाबांना वाचून दाखवला तेव्हा त्यांनी चष्मा मागितला आणि स्वतः पुन्हा वाचला. त्या दिवसापासून आमच्या अंगणात नुसती ज्वारी वाढत नव्हती.

मग एक दिवस घरमालक आले. इथलाच अरब, मोठा सज्जन माणूस. शहराबाहेर त्यांचे उंट आणि बकऱ्या आहेत, आणि अंगणातल्या बोरीवर त्यांचा जीव आहे. पुरुषभर उंच झालेली ज्वारी बघून त्यांचा चेहरा उजळला. "वल्ला, बहुत झेन! ये मेरा बकरी के वास्ते?" लगेच फोन काढून ते कोणाला तरी पिकअप घेऊन यायला सांगू लागले. झेन म्हणजे छान, आणि भाडेकरूंनी प्रेमाने आपल्या बकऱ्यांसाठी चारा लावला, अशी त्यांची समजूत झाली.

बाबा दोन्ही हात पसरून ज्वारीच्या पुढे उभे राहिले. "नहीं नहीं! ये आदमी के वास्ते है!"

"आदमी?" घरमालकांना ते पटेना. "आदमी घास खाता?"

मग बाबांनी ज्वारीचं एक ताट वाकवून त्यांना पोटरीतून नुकतंच बाहेर आलेलं कणीस दाखवलं. "ऊपर का आदमी का. नीचे का बकरी का. अभी नहीं, बाद में." दाणे माणसांना, कडबा जनावरांना. बार्शीकडे हाच व्यवहार चालत आलेला, तोच त्यांनी इथे तोडक्यामोडक्या हिंदीत मांडला. घरमालक जोरात हसले आणि त्यांनी हात पुढे केला. "खलास!" ते म्हणाले, म्हणजे सौदा पक्का. पुन्हा फोन लावून पिकअप नको म्हणून सांगितलं.

त्यानंतर आले पोपट. अल ऐनचे हिरवे पोपट दिसायला देखणे आणि स्वभावाने दरोडेखोर. कांद्याच्या जाळीच्या पिशव्या असतात ना, त्या आम्ही प्रत्येक कणसाला बांधल्या. आमच्याकडच्या पुरेनात म्हणून मी ऑफिसात सगळ्यांकडे मागितल्या. नवरा एरवी घरातलं काही मनावर घेत नाही, पण तो रोज कामावरून, हॉस्पिटलच्या कँटीनमधून, खिसा भरून पिशव्या आणायला लागला. लाल पिशव्या घातलेली ज्वारी लग्नातल्या करवल्यांसारखी दिसायची.

डिसेंबर लागला. मी दिरांना फोन केला. पडद्यावर ते टोपी, मफलर, हातमोजे घालून उभे, मागे गाडी बर्फात बुडालेली.

"वहिनी, नाताळच्या सुट्टीतली तिकिटं बघितलीत का? डोळे फिरतात. फेब्रुवारीत निम्म्यावर येतात. आपण फेब्रुवारीत करू ना हुरडा."

"फेब्रुवारीत करायला तो काय वाढदिवस आहे?"

"अहो, पण चार तिकिटं म्हणजे..."

"भावोजी, तुमचा हिशोब मी तपासलाय. बरोबर आहे. मागच्या वर्षीचाही बरोबर होता, त्याच्या आधीचाही. सगळे हिशोब बरोबर येता येता बाबा ऐंशीचे झाले."

 मला वाटलं, जास्त बोलले. तेवढ्यात बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला. "दाण्यात दूध भरायला लागलंय," ते म्हणाले. "नाताळपर्यंत हुरडा. पुढं ज्वारी." आणि फोन माझ्या हातात परत दिला.

दोन दिवस फोन नाही. मी ऑफिसात बिलं तपासत होते आणि दर थोड्या वेळाने मोबाईल बघत होते. तिसऱ्या दिवशी ग्रुपवर चार तिकिटांचा फोटो आला. खाली लिहिलं होतं, "कृपया कोणीही रुपये काढू नयेत." जावेने मागाहून सांगितलं की, ते अंगणातला बर्फ उपसायला गेले होते. अर्ध्यातच फावडं टाकून आत आले आणि बुटासकट लॅपटॉप उघडून बसले. मी ऑफिसातल्या स्वयंपाकघरात गेले आणि एकटीच टाळ्या वाजवल्या.

पण हिशोबी माणूस तो हिशोबीच. ऐन नाताळच्या दिवशी सुटणाऱ्या विमानाचं तिकीट जरा स्वस्त पडतं, म्हणून त्यांनी तेच काढलं होतं. म्हणजे इथे पोचायला नाताळ उलटणार. ते वाचून बाबांचा चेहरा पडला. त्यातच आठवडाभर कोरडा गरम वारा सुटला. बाबा रोज सकाळी जाऊन एकेका कणसाचा दाणा नखाने दाबून बघायचे. आधी दूध यायचं, मग घट्टसर पिठूळ आलं, मग नख रुतेना. नाताळच्या सकाळी ते आत आले आणि म्हणाले, "गेला हुरडा. ज्वारी झाली."

कॅनडात तेव्हा ती चौघं बॅगा भरत असतील. मला रडूच आलं. माणसं येणार होती, ते काय कमी होतं? पण शब्द हुरड्याचा होता, आणि आयुष्यात एकदा बाबांनी काही पिकवून पोराला बोलावलं होतं.

तेवढ्यात मागच्या अंगणातून बाबांची हाक आली. मी धावले. बोरीखालच्या त्या किरट्या ओळीपाशी ते उभे होते, एक कणीस हातात धरून. सावलीत वाढलेली, दहा दिवस उशिरा पेरलेली, कोणी न मोजलेली ती ओळ. त्यांनी माझ्यासमोर दाणा दाबला. नखावर पांढरं दूध आलं.

"अगं," ते म्हणाले, "तू त्या दिवशी ओरडलीस ते फार बरं झालं. नाहीतर सगळी एकदमच पेरली असती."

माझ्या रागाचं असं पीक कधी आलं नव्हतं. ही गोष्ट मी त्यानंतर घरात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलेली आहे.

हुरडा भाजायचा कशावर, हा शेवटचा प्रश्न. नवऱ्याने बार्बेक्यूचा कोळसा आणला तर बाबा रुसले. कोळशावर हुरडा म्हणजे काय, त्याला गोवऱ्या हव्यात. नवऱ्याने बिचकत घरमालकांना विचारलं, आणि त्यांनी उंटाच्या वाळक्या लेंड्यांचं पोतं पाठवून दिलं. दिरांची गाडी दुबईहून आली तेव्हा अंगणात खड्डा करून आगटी पेटलेली होती. दीर घरात गेलेच नाहीत. उणे वीसमधून आलेला माणूस, अंगात नुसता टी-शर्ट, आणि आम्ही सगळे स्वेटर घातलेले. ते सरळ बोरीखाली गेले आणि बाबांच्या पाया पडले. बाबांनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "आधी हात धू," ते म्हणाले, "कणसं मोडायचीत."

आगटीतल्या राखेत कणसं खुपसली, तसा तो वास सुटला. दोन्ही भाऊ आगटीजवळ सरकले. मी शेंगदाण्याची आणि लसणाची चटणी, गूळ, दही मांडलं. बोरं झाडाचीच होती, नुसती हात वर करून तोडायची. घरमालकही पांढऱ्याशुभ्र कंदुऱ्यात, म्हणजे पायघोळ अंगरख्यात, येऊन चटईवर बसले. बाबांनी गरम कणीस तळहातांवर चोळलं, फुंकर मारून फोलपटं उडवली आणि हिरवे दाणे आधी त्यांच्या हातावर ठेवले. त्यांनी तोंडात टाकले, डोळे मिटले आणि म्हणाले, "पहले क्यों नहीं बताया? मैं बकरी का नाम भी नहीं लेता!" सगळे पोट धरून हसले. माझी मुलगी तर चटणी लावून खातच सुटली होती. "ओके, फाइन. इट्स नॉट बर्ड फूड."

मग बाबा दोन्ही मुलांच्या मध्ये बसले. एक कणीस चोळून धाकट्याला, एक थोरल्याला. स्वतः काही खाईनात. तेव्हा दोघा मुलांनी, न ठरवता, एकेक कणीस उचललं. पोळत होतं तरी चोळलं, आणि दोघांचेही हात एकदमच त्यांच्यापुढे आले. आधी कोणाचं घ्यावं हे बाबांना कळेना. त्यांनी दोघांच्या ओंजळी एकत्र केल्या आणि त्यातूनच खायला लागले.

दिरांचा स्वभाव थोडाच बदलणार! पोट भरल्यावर म्हणाले, "वहिनी, पाणी, खत आणि आमची चार तिकिटं धरली तर हा हुरडा किलोला..."

"काढलेत मी रुपये," मी म्हणाले. "जगातला सगळ्यात महाग हुरडा आपल्याकडे झालाय. घ्या अजून."

पक्की झालेली ज्वारी दिरांनी आणि बाबांनी मिळून काढली, आणि माझ्या मुलीच्या क्रिकेटच्या बॅटने बडवून मळली. ठरल्याप्रमाणे कडबा पिकअपमधून बकऱ्यांकडे गेला. थोड्या दाण्यांच्या भाकरी झाल्या. एक बरणीभर दाणे दिरांनी बाजूला काढले, झाकण घट्ट लावलं आणि बरणी वरच्या फळीवर ठेवली. 

यंदा बाबा नेहमीप्रमाणे आले. घटस्थापनेला अजून आठवडा होता आणि मी दुकानात मेथीची जुडी परत ठेवत होते, तेवढ्यात कॅनडाचा फोन वाजला. वार रविवार नव्हता म्हणून मी घाबरतच उचलला.

"वहिनी," दीर म्हणाले, "आमची तिकिटं काढून झाली. बाबांना सांगा, बरणी उतरवा आणि पेरा."