नीळबाई आणि बोअरचं पाणी

रुग्णालयाच्या धुलाईघरात त्यांची उभी हयात गेली. चादरींना नीळ अशी द्यायच्या की डॉक्टरसुद्धा त्यांना नीळबाई म्हणू लागले. निवृत्त झाल्या तरी नाव राहिलं आणि ताठाही.

मुलाने शहराबाहेर घर घेतलं ते सुनेच्या हट्टाखातर. तिथे बोअरचं पाणी. कितीही साबण चोळा, फेस म्हणून येत नसे. पांढऱ्या चादरी करड्या पडायच्या, वाळल्या की पुठ्ठ्यासारख्या कडक. नळांच्या तोंडाशी खरखरीत थर साचायचे.

"तुला घर दिसलं, पाणी दिसलं नाही," नीळबाई सुनेला सुनवायच्या.

सून पार्लरमध्ये कामाला होती. दिवसभर लोकांचे केस धुवायचे आणि स्वतःच्या केसांचा काथ्या झालेला. "आई, पाणी जड आहे. घासून काय होणार?"

"घासायला हातात जोर लागतो. जिभेत असून चालत नाही."

मुलगा मध्ये पडत नसे. आवाज चढले की त्याला गाडी पुसायची आठवण यायची.

शेवटी सुनेने पाणी मऊ करणारं यंत्र बसवून घेतलं. नीळबाईंनी हातावर पाणी घेतलं आणि तोंड वाकडं केलं. "बुळबुळीत मेलं. अंगावरचा साबण निघाल्यासारखंच वाटत नाही." दुसऱ्या दिवसापासून सून बाहेर पडली रे पडली, की त्या कॉक फिरवून यंत्राला वगळायच्या आणि बोअरचं पाणी सरळ घरात घ्यायच्या. सुनेला वाटलं, यंत्रच बिघडलं. दुरुस्तीवाला आला, बघून म्हणाला, "ताई, यंत्र ठणठणीत आहे. कुणीतरी कॉक फिरवतंय." नीळबाई शेजारीच भाजी निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

तो गेल्यावर सुनेने पान्याने कॉकची मूठच काढली आणि पर्समध्ये टाकली.

हे फार लागलं त्यांना. सुनेच्या सुट्टीच्या दिवशी त्या न्हाणीघरात शिरल्या आणि दार ओढून घेतलं. फरशीवरचे पांढरे थर आज काढून दाखवायचेच होते. आधी अ‍ॅसिड ओतलं. तेवढ्याने भागेना, म्हणून वर ब्लीच ओतलं. दोन्ही मिसळलं की विषारी वायू सुटतो, म्हणून धुलाईघरात त्या दोन बाटल्या एका कपाटातसुद्धा ठेवू देत नसत, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण राग डोक्यात गेला होता.

सुनेला खोकला ऐकू आला, मग बादली पडल्याचा आवाज. दार उघडताच वासाने तिचा श्वास अडकला. तोंडावर ओढणी दाबून ती आत घुसली आणि सासूला काखेत धरून फरफटत गॅलरीत आणलं.

दवाखान्यात ऑक्सिजन लावावा लागला. नीळबाई वाचल्या, आवाज मात्र कायमचा बसला. बोलता येऊ लागल्यावर पहिलं वाक्य आलं, "अ‍ॅसिड घरात आणलं कुणी?"

"तुम्हीच. आई, मेला असतात तुम्ही!"

"मग तुझं यंत्र सुखात चाललं असतं."

"हो, चाललं असतं," सून म्हणाली आणि उठून बाहेर गेली.

मग मुलाने जन्मात एकदा तोंड उघडलं. प्लंबर बोलावून नळ वेगळे करून घेतले. आईच्या न्हाणीघराला बोअरचं पाणी, बाकी घराला यंत्राचं. त्या न्हाणीघराकडे सून फिरकत नाही आणि नीळबाई तिच्या नळाला हात लावत नाहीत.

परवा नीळबाईंचा शॉवर पार चोंदला. त्या तो तांब्याने ठोकत बसल्या. स्वयंपाकघरातून सून नवऱ्याला म्हणाली, "तुमच्या आईंना सांगा, व्हिनेगरमध्ये भिजत ठेवा म्हणावं."

आतून घोगरा आवाज आला, "ऐकलं. नको."

आणि पुन्हा ठोकणं सुरू झालं.